लोंबती वायर

माणसाने आयुष्यात लोंबतं असं काही ठेवू नये.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हॉस्पिटलच्या नोकरीत नवा होतो. बोलणाऱ्याचा चेहरा इतका गंभीर होता की मला वाटलं, हा मृत्युपत्र, भावकीतले वाद, मागायच्या राहून गेलेल्या माफ्या असल्या गोष्टींविषयी बोलतोय. मी आदराने मान डोलावली. मग तो खाली वाकला आणि माझ्या बुटाची सुटलेली नाडी त्याने बुटात खोचली. बांधली नाही, खोचली. आणि निघून गेला.

भिंतीवरची तसबीर सरळ केल्याशिवाय ज्यांना घास गिळवत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्याचं तसं नव्हतं. तसबीर तिरकी असली तरी त्याला चालायची. लोंबायला नको, एवढंच. किल्ल्यांच्या जुडग्यात एक नेलकटर होतं, त्याने तो लोकांच्या बाह्यांचे सुटे दोरे न विचारता कापायचा. सिस्टरच्या गळ्यातल्या ओळखपत्राचा पट्टा, वॉर्डबॉयच्या खिशातून बाहेर आलेला रुमाल, पंख्याची दोरी, कॅलेंडरचा दोरा, काही दिसलं की आधी प्रश्न यायचा, "ह्यां काय लोंबता?" आणि उत्तर येण्याआधी हात पुढे आलेला असायचा. सलाइनच्या नळीला तेवढा तो हात लावत नसे. पण तिच्याकडे बघायचा.

याला त्याच्याकडे एक कारणही होतं. वडील परळच्या गिरणीत होते, आणि सुटा धागा यंत्रात गेला की जाताना बोटंही घेऊन जातो, असं ते घरी सांगायचे. ही गोष्ट तो फार चांगली सांगायचा. मी ती नाहूरला त्याच्या घरी, त्याच्या बायकोसमोर त्याच्याच तोंडून ऐकली. चहाचे कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "लग्नात ह्यांच्या मुंडावळ्या चांगल्या तास-दीड तास लोंबत होत्या. तेव्हा नाही आठवली गिरणी." त्यानंतर त्याने ती गोष्ट माझ्यासमोर सांगितली नाही.

आमचं हॉस्पिटल घाटकोपर पूर्वेला. धर्मादाय, म्हणजे दारात संगमरवरी पाट्या जास्त आणि आत खुर्च्या कमी. त्याचा हुद्दा सिस्टीम इनचार्ज, माझा पर्चेस ऑफिसर. वयाने तो चार-पाच वर्षांनी मोठा, तरी एकमेकांना खात्याच्या नावाने हाक मारायची सवय लागलेली. तो मला "काय पर्चेस?" म्हणे, मी त्याला "बोल सिस्टीम." पुढे पुढे आमच्या बायकाही फोनवर असंच विचारायला लागल्या.

त्याच्या खोचण्यामुळे एकदा त्याची नोकरी जायची वेळ आली होती. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाचे पाहुणे माईकपाशी उभे राहून त्यागाविषयी बोलत होते आणि त्यांच्या झब्ब्याखालून लेंग्याची नाडी लोंबत होती. तिसऱ्या मिनिटाला तो माईकची वायर नीट करायच्या निमित्ताने मागून गेला. पाहुणे त्यागाच्या ऐन मध्यावर थबकले, कमरेकडे बघितलं, आणि दोन वाक्यांत भाषण संपवलं. आमच्या अंगणात एवढं आटोपशीर भाषण कोणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे चौकशी झाली नाही.

आता मुख्य गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आमच्या ट्रस्टने फिल्ममुक्त रुग्णालय जाहीर केलं होतं. फीत कापली, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या काळ्या फिल्म छापणं बंद झालं. सगळी चित्रं कॉम्प्युटरवर. तळमजल्यावर स्कॅन काढायचा, वर ऑपरेशन थिएटरमध्ये पडद्यावर बघायचा. फिल्मचं मशीन भंगारात गेलं, त्याची पावती मीच केली. सगळं छान चाललं, आणि मग हळूहळू मंदावलं. डॉक्टर चित्रावर क्लिक करायचे आणि चहा मागवायचे.

एका देणगीदाराने कॉम्प्युटरच्या कामासाठी रक्कम दिली. तेवढ्यात एकच काही तरी येणार होतं. एक तर नवा सर्व्हर, म्हणजे सगळी चित्रं आणि नोंदी जिथे साठतात ते मोठं यंत्र. नाही तर नवे स्विच, म्हणजे प्रत्येक मजल्यावरचे ते छोटे चपटे डबे, ज्यांच्यात त्या मजल्याच्या सगळ्या वायरी येऊन मिळतात आणि जिथून माहितीची ये-जा होते. सर्व्हर खाली काचेच्या खोलीत, वातानुकूलित. स्विच दरवाज्यांच्या वर, लाकडी पेट्यांत, पालींच्या शेजारी.

सगळ्या हॉस्पिटलचं मत सर्व्हर म्हातारा झालाय असं होतं. त्याचं एकट्याचं मत होतं की सर्व्हर धडधाकट आहे, स्विच मेलेत.

ट्रस्टच्या नियमाप्रमाणे तुलनात्मक तक्त्याशिवाय खरेदी होत नाही. तो तक्ता खाटा आणि चादरींच्या काळात कोणी तरी आखलेला. त्यात मी सर्व्हर आणि स्विच शेजारी शेजारी बसवले आणि रकाने भरले. हमी, वजन, आकार, रंग. दसऱ्याआधीच्या बैठकीत अध्यक्षांनी चष्मा लावून तो तक्ता बराच वेळ वाचला.

"दोन्ही काळेच आहेत," ते म्हणाले.

"हो साहेब," मी म्हणालो.

"आणि हे एवढेसे डबे? सर्व्हरच्या किमतीत?"

तो माझ्या शेजारी उभा होता. "साहेब, असं समजा की लग्न आहे. सर्व्हर म्हणजे आचारी. स्विच म्हणजे वाढपी. आचारी तुम्ही कितीही मोठा आणा, वाढपीच पाय ओढत चालत असेल तर पंगत उपाशी उठणार."

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "पण लग्नात लोक आचाऱ्याचं नाव विचारतात. वाढप्याचं नाव मी आजपर्यंत कोणी विचारलेलं ऐकलं नाही."

खरी अडचण मला तेव्हा कळली. सर्व्हरचं उद्घाटन करता येतं. त्याला दर्शनी बाजू आहे, निळे दिवे आहेत, समोर फीत बांधायला जागा आहे. स्विचच्या उद्घाटनासाठी अध्यक्षांना शिडीवर चढवावं लागलं असतं.

"तुमचं ऐकलं आणि फरक पडला नाही तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"तर मला घरी बसवा."

हे तो उगाच म्हणाला असं बाकीच्यांना वाटलं. मला माहीत होतं की दिवाळीनंतर तो निवृत्त होणार होता आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीचा त्याचा अर्ज त्याच टेबलावर, माझ्या तक्त्याच्या खाली पडून होता. मुदतवाढ त्याला मनापासून हवी होती. "घरी बसून काय करू रे?" तो म्हणायचा. "बायको पदर आधीच खोचून असते." निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. अँब्युलन्सला हार, सीटीच्या मशीनला हार, शस्त्रक्रियेच्या हत्यारांच्या ट्रेवर एक झेंडूचं फूल. त्याची स्विचवर भक्ती. प्रत्येक मजल्यावर शिडी लावून तो पेटी उघडायचा, ब्रशने धूळ झाडायचा आणि कुंकवाचं बोट लावायचा. आत जाऊ नये म्हणून कुंकू टूथपिकने. पहिल्या मजल्यावर नुसती ऑफिसं, ती दुपारनंतर बंद झालेली. तिथला स्विच त्याने पूजेआधी बंदच केला. "वर्षभर राबतो बिचारा. उद्या सुट्टीच आहे. बसू दे जरा."

मी शिडी धरून होतो, आणि ट्रस्टच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढायचा होता.

"थांब, थांब. आत्ता नको काढू," तो वरून म्हणाला. दोन्ही हात पेटीत होते. काही तरी खुडबुड केली, नेलकटरचा आवाज आला, हार नीट केला. "हां. आता काढ." फोटो चांगला आला. ग्रुपवर अध्यक्षांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी पहिल्या मजल्याच्या शिपायाने रोजच्यासारखी सगळी बटणं वर केली, आणि आमच्या टेबलांवर चहा पोचेपर्यंत हॉस्पिटल ठप्प झालं होतं.

मंदावलं नव्हतं, ठप्पच झालं होतं. केसपेपर निघेनात. लॅबचे रिपोर्ट दिसेनात. औषधाच्या खिडकीवर रांग, आणि खिडकीतली मुलगी रांगेकडे बघत बसलेली. इंटरकॉम तेवढा चालू होता, त्यामुळे सगळ्या मजल्यांवरून लोक त्याला शिव्या तरी देऊ शकत होते. तो सर्व्हररूममध्ये दोन्ही कानांना दोन फोन लावून उभा होता. त्याला एकेका मजल्याची जोडणी तोडून बघायची होती, पण वरून हुकूम आला, आधी सर्व्हर बंद करून चालू करा. त्याने केला. पुन्हा हुकूम आला, पुन्हा करा. पुन्हा केला. मग बैठकीचं बोलावणं आलं.

"बघा," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात चिंता होती, पण नुसती चिंता नव्हती. "गेला ना सर्व्हर?"

"सर्व्हर गेला नाही, साहेब. सर्व्हरपर्यंत कोणी पोचत नाहीये."

"म्हणजे तेच ते."

"चला माझ्याबरोबर."

असं ट्रस्टच्या अध्यक्षांना कोणी म्हणत नाही. ते गेले, बहुतेक आश्चर्यानेच. त्याने त्यांना काचेच्या खोलीत सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्यासमोर बसवलं आणि एक स्कॅन उघडला. क्षणात उघडला. दुसरा उघडला. तिसरा. पेशंटांची फुप्फुसं पत्त्यांसारखी पडद्यावर येत गेली.

"आचारी तयार आहे, साहेब," तो म्हणाला. "भात शिजलाय. वाढपी पडलेत."

अध्यक्षांनी स्वतः आणखी दोन फुप्फुसं उघडून बघितली. वर आल्यावर म्हणाले, "ठीक आहे. स्विच घ्या." मग खालचा अर्ज वर काढला. "आणि हे बसवायला माणूस लागेल. तेव्हा हेही मंजूर." ठराव टाइप करायचा तर कॉम्प्युटर बंद, म्हणून हाताने लिहायचा ठरला आणि पेन शोधण्यात थोडा वेळ गेला. सह्या जेवणानंतर.

जिना उतरताना कठड्याला कोणी तरी बांधलेल्या आपट्याच्या डहाळीचं लोंबतं टोक त्याने जाळीत सरकवलं. खूश असल्याची त्याची ती पद्धत होती.

आम्ही खाली पोचतोय तोवर रिक्षातून पडलेल्या एका बाईला आणलं होतं. डोक्याला मार. स्कॅन झाला, तिला दुसऱ्या मजल्यावर थिएटरमध्ये नेलं, आणि स्कॅन खालीच राहिला. सीटीच्या खोलीत पडद्यावर तो स्वच्छ दिसत होता. वर थिएटरच्या पडद्यावर एक गोल चाक फिरत होतं.

एका सिस्टरने खालच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवरून वर पाठवला. एवढं मोठं फिल्ममुक्त रुग्णालय, आणि त्या बाईच्या मेंदूचं चित्र कोणाच्या तरी भाच्याच्या बारशाच्या फोटोखाली जाऊन पोचलं. सर्व्हररूममध्ये इंटरकॉम वाजला. मी उचलला. सर्जन मॅडम होत्या.

"सिस्टीमला द्या."

त्याला द्यायची गरज नव्हती, मॅडम तीन खोल्यांत ऐकू जात होत्या. "मला एकेक काप वर-खाली करून बघायचाय. रक्त कुठे साठलंय ते कळायला पाहिजे. हा मोबाईलवरचा ठिपका बघून डोकं उघडू का मी?"

"मॅडम, खाली येऊन—"

"मी हिला सोडून हलू शकत नाही. एका डोळ्याची बाहुली मोठी झालीय हिची. कळतंय का? पडद्यावर द्या मला. लवकर."

"देतो," तो म्हणाला.

मी त्याला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

सर्व्हरच्या शेजारी मोठा स्विच असतो, त्यात प्रत्येक मजल्याची एकेक जाड वायर येते. तो त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. स्विचचे सगळे हिरवे दिवे एकदम, एकाच लयीत, वेड्यासारखे लुकलुकत होते. "कोणता तरी एक मजला बोंब मारतोय," तो म्हणाला. "त्याच्या आवाजात बाकीच्यांचं कोणाला ऐकू जात नाहीये. एकेकाचं तोंड बंद करतो. तू थिएटर धरून ठेव. चित्र आलं की ओरड."

मी इंटरकॉम कानाला लावून उभा राहिलो. पलीकडून यंत्राची बीप ऐकू येत होती, आणि मॅडम कोणाला तरी काही तरी आणायला सांगत होत्या. त्याने तिसऱ्या मजल्याची वायर उपटली.

"काही?"

"नाही."

ती लावली. तळमजल्याची ओपीडी उपटली. बाहेर रांगेतून आरडाओरडा आला.

"काही?"

"नाही रे."

तीही परत लावली. पहिल्या मजल्याच्या वायरीवर तो जरा अडखळला, कारण तिथे नुसती आमची ऑफिसं. तिथून काय बोंब येणार? मग उपटली.

दिवे शांत झाले. एकेकटे, ज्याचे त्याचे लुकलुकायला लागले, पाऊस ओसरल्यावर पागोळ्या पडाव्या तसे. आणि कानात सिस्टर किंचाळली, "आलं! आलं, मॅडम, उघडलं!" रिसीव्हर ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

तो तसाच गुडघ्यांवर बसून होता. "पहिला मजला," तो म्हणाला. "शिडी आण."

वर गेलो. अकाउंट्सच्या दारावरची पेटी, त्याच्यावर परवाचा झेंडू सुकून तपकिरी झालेला. तो चढला, पेटी उघडली आणि हात मागे घेतला.

"काय झालं?"

"शिडी धर, पर्चेस."

"धरलीय."

"घट्ट धर."

मी मान वर करून बघितलं. एक निळी वायर होती. तिचं एक टोक स्विचमध्ये, छान गोलाई घेऊन ती परत आलेली, आणि दुसरं टोक त्याच स्विचच्या शेजारच्या खाचेत. मध्ये पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली, आणि पट्टीचं उरलेलं शेपूट नेलकटरने साफ कापलेलं. आमच्या हॉस्पिटलात पट्टीचं शेपूट कापणारा माणूस एकच होता.

एरवी त्या वायरीचं दुसरं टोक मोकळं असायचं. त्याचा लॅपटॉप जोडून मजला तपासायला ती ठेवलेली. खंडेनवमीला फोटोत ते टोक लोंबताना दिसलं असतं.

तुम्हाला आणि मला यात काय बिघडलं ते कळणार नाही. मलाही त्यानेच सांगितलं, शिडीवर उभ्या उभ्या, पेटीकडे बघत. या जुन्या स्विचला अक्कल नसते. आलेला निरोप तो सगळ्या खाचांतून पुढे ढकलतो. तो निरोप या वायरीतून बाहेर पडला आणि याच वायरीतून परत आत आला. स्विचला वाटलं, नवा आला. त्याने पुन्हा सगळीकडे वाटला. तो पुन्हा आत आला. वाढप्याने स्वतःच्याच पानात वाढत राहावं आणि पान काही भरू नये, तसं. शिपायाने बटण वर केल्यापासून हेच चाललं होतं, सगळ्या हॉस्पिटलभर.

"मीच खोचली," तो म्हणाला.

खाली जेवणाच्या खोलीतून ताटांचा आवाज येत होता. मला दुपारचा ठराव दिसत होता, हाताने लिहिलेला, सहीची जागा सोडलेला. मी आवाज खाली आणला.

"काढ ती आणि खिशात घाल. विषय संपला."

त्याने माझ्याकडे बघितलं.

"अरे, स्विच तर मेलेलेच आहेत ना? हे तूच वर्षभर सांगतोयस. खोटं काय आहे त्यात? ही वायर आज नसती तरी स्विच मेलेलेच."

"हो."

"मग? स्विच मिळतायत, तुझी दोन वर्षं मिळतायत. कोणाला कळणार आहे? वायर बोलणार आहे का?"

"वायर नाही बोलणार," तो म्हणाला. "पण थिएटरात बाई आहे ना ती."

"तिला तर काहीच माहीत नाही."

"म्हणून तर."

तो उतरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या शर्टाचं एक टोक पँटबाहेर आलेलं होतं आणि त्याला ते कळलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

ट्रस्टी जेवत होते. श्रीखंड दसऱ्याचंच होतं. तो दारात उभा राहिला, ती निळी वायर हातात, आणि त्याने सगळं सांगितलं, फोटोपासून. अध्यक्षांनी पुरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"म्हणजे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, "स्विच चांगले आहेत."

"नाही साहेब. चांगला स्विच असता तर त्याने हे ओळखलं असतं. अशी वायर लागली की नवे स्विच ती खाच आपोआप बंद करतात. मी चूक केली ती केलीच. पण नवा स्विच असता तर त्याने माझा हात धरला असता. त्यासाठीच तर हवेत ते."

माझ्या मते त्या खोलीत सर्व्हर आणि स्विच यांची एवढी खरी तुलना त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. माझ्या तक्त्यात तिला रकाना नव्हता.

अध्यक्षांनी नॅपकिनने बोटं पुसली. "तुमचा हात धरायला आम्ही लाखाची यंत्रं घ्यायची? त्यापेक्षा तुम्ही हात खिशात का नाही ठेवत?"

सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, पोट भरल्यावरचं होतं. पण ते हसणं थांबेपर्यंत सर्व्हर ठरून गेला होता. मुदतवाढीचा अर्ज पुढच्या बैठकीत घेऊ असं ठरलं. पुढच्या बैठकीच्या विषयांत तो नव्हता.

ती बाई वाचली. टाके काढायला आली तेव्हा लिफ्ट फार हळू चालते अशी तक्रार करून गेली. तो तेव्हा नेमका लिफ्टपाशीच होता. त्याने तिच्या ओढणीकडे बघितलं, ती जमिनीपर्यंत लोंबत होती, आणि हात खिशात घातले.

ती निळी वायर त्याने फेकली नाही. पहिल्या मजल्याच्या पेटीत पुन्हा लावली, एक टोक आत, दुसरं टोक मोकळं, पेटीबाहेर हातभर लोंबतं. त्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून त्याच्यावर मार्करने लिहिलं, "लोंबू दे." रोज त्या दाराखालून जाताना तो वर बघायचा नाही. मी बघायचो, तो बघत नाही ना ते.

नवा सर्व्हर दिवाळीनंतर आला. सुंदर होता. निळे दिवे होते. त्याच आठवड्यात याची निवृत्ती, म्हणून सामोसे एकदाच आणायचे या विचाराने उद्घाटन आणि निरोप एकत्र ठेवले. अध्यक्ष फेटा बांधून आले. ज्ञानाच्या गंगेविषयी बोलले, डिजिटल भविष्याविषयी बोलले, आणि शेवटी आठवण करून दिल्यावर त्याच्याविषयीही दोन शब्द बोलले, त्यांपैकी एक "प्रामाणिक" होता. शाल दिली. शालीला दोन्ही बाजूंनी गोंडे होते. तो ती घडी घालून काखेत धरून उभा राहिला.

आता तो मालवणकडे गावी असतो. नाहूरची जागा भाड्याने दिली. महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करतो, मग बायको मागून काही तरी ओरडते ते मला सांगतो, आणि फोन ठेवायच्या आधी आवाज उगाच साधा करून विचारतो, "वायर लोंबता मां?"

"लोंबतेय," मी सांगतो.

"ऱ्हवांदे."

उद्घाटनाचा एक फोटो आहे. अध्यक्षांनी नुकतीच फीत कापलीय, टाळ्या चालू आहेत, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. खालच्या कोपऱ्यात, अर्धा चौकटीबाहेर, तो वाकलेला आहे. चेहरा दिसत नाही. कापलेल्या फितीचं एक टोक सर्व्हरवरून लोंबतंय आणि त्याचा हात तिकडे गेलाय, म्हणून हात जरा हललेला आलाय.

कधी कधी दुपारी मी तो फोटो उघडतो. ट्रस्टच्या सगळ्या फोटोंसारखा तो त्या नव्या सर्व्हरवरच ठेवलेला आहे. वरून खाली उघडत येतो. आधी फेटा, मग अध्यक्ष, मग हार, मग निळे दिवे. तो सगळ्यात खाली असल्यामुळे यायला वेळ लागतो. तेवढ्यात माझा चहा होतो.

स्विच जुनेच आहेत.